दमास्कस सुरीनं मासे कापताना: कुठे चालवायची, कुठे थांबायचं

नक्षीदार पात्याची दमास्कस सुरी हौसेनं घरी आणली आणि महिन्याभरात धारेला दाते पडले, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. दोष सहसा सुरीचा नसतो. ती सुरमईच्या मणक्यावर दाबलेली असते, फ्रीजरमधून काढलेल्या दगडासारख्या माशावर चालवलेली असते किंवा कडाप्प्याच्या ओट्यावर थेट घासलेली असते. माशाच्या मऊ मांसात या सुरीइतकी सफाई फार कमी सुऱ्यांना येते, हाडावर मात्र ती लगेच हार मानते. म्हणून कोणतं काम तिला द्यायचं आणि कोणतं कोयत्याला किंवा विळीला, हे आधी ठरवायचं. पुढचं सगळं त्यानंतर.

सुरी कशी बनलेली असते

आज स्वयंपाकघरासाठी दमास्कस म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक सुऱ्या थरांच्या असतात. मधोमध कठीण पोलादाचा गाभा आणि दोन्ही बाजूंना त्याहून मऊ पोलादाचे थर. डब्यावर "६७ थर" लिहिलेलं असेल, तर दोन्ही बाजूंना ३३-३३ आणि मधला १ असा हिशेब असतो. बाजूच्या थरांत दोन जातींची पोलादं आलटूनपालटून असतात. पातं आम्लात बुडवलं की एक जात काळवंडते आणि दुसरी चकचकीत राहते. नक्षी दिसते ती त्यामुळे. धारेपाशी हे सगळे थर घासून काढलेले असतात, तिथे फक्त गाभा उघडा असतो. मासा कापतो तो हा गाभा. त्यामुळे सुरी घेताना थर किती यापेक्षा गाभा कशाचा आहे हे विचारा.

व्हीजी-१० या पोलादाचा सर्रास दिसणारा गाभा जपानच्या फुकुई प्रांतातल्या ताकेफू इथे बनतो. त्यात साधारण १ टक्का कार्बन, १५ टक्के क्रोमियम आणि थोडं कोबाल्ट असतं. रॉकवेल मापावर त्याची कठीणता ६० ते ६१ भरते. नेहमीच्या जर्मन धाटणीच्या सुऱ्या ५६ ते ५८ च्या आसपास असतात. आकड्यांतला फरक लहान वाटतो, पण हातात चांगलाच जाणवतो. कठीण पोलादाला बारीक धार लावता येते आणि ती टिकतेही जास्त. जर्मन सुरी हाडावर आपटली तर तिची धार वळते, आणि वळलेली धार सरळ करता येते. व्हीजी-१० वळत नाही, तिचा टवका उडतो.

दुसरा प्रकार म्हणजे पूर्ण कार्बन पोलादाची, लोहारानं घडवलेली दमास्कस सुरी. दिसायला ती फार देखणी असते, पण माशाच्या खारट ओलाव्यात काही मिनिटांत गंजायला लागते. पहिली सुरी घेताय आणि ती मुख्यतः माशांसाठी आहे, तर गाभा आणि थर दोन्ही स्टेनलेस असलेली घ्या.

इतिहासातलं दमास्कस पोलाद याहून वेगळं होतं. आजच्या तेलंगणातल्या कोनसमुद्रमसारख्या गावांत मुशीत वितळवून वूट्झ पोलादाचे गोळे तयार होत आणि ते पश्चिम आशियात जात. त्याची नक्षी पोलादाच्या आतच तयार होणाऱ्या कार्बाइडच्या, म्हणजे लोखंड-कार्बनच्या कठीण कणांच्या, रांगांमुळे उमटे. थरावर थर जोडलेले नसत. तेव्हा "प्राचीन पद्धतीचं दमास्कस" या नावाखाली स्वयंपाकाच्या सुरीला जादा पैसे मोजण्याचं कारण नाही.

खोटी नक्षीही मिळते, साध्या पात्यावर लेझरनं कोरलेली किंवा छापलेली. थरांच्या खऱ्या सुरीत नक्षी धारेच्या थोडी आधी संपते आणि तिथून खाली गाभ्याचा एकसारखा, नक्षी नसलेला पट्टा दिसतो. दोघांमधली सीमारेषा नागमोडी असते. पात्याच्या पाठीवर आणि मुठीजवळच्या टोकाशीही थरांच्या बारीक रेघा दिसतात. दोन्ही बाजूंची नक्षी तंतोतंत सारखी असेल आणि पाठ कोरी असेल, तर ती सुरी खाली ठेवा.

किती लांब, कोणत्या आकाराची

घरच्या मासळीसाठी दोन सुऱ्या पुरतात. १५० मिलिमीटरची अरुंद पेटी (इंग्रजी petty, म्हणजे छोटी) सुरी बांगडा, पापलेट, बोंबील, कोळंबीसाठी. आणि २१० मिलिमीटरची ग्युतो, म्हणजे लांब पात्याची जपानी सुरी, रावस, सुरमई, तांबोशीच्या मोठ्या पट्ट्यांसाठी (काट्यापासून सोडवलेल्या मांसाच्या लांब कापांसाठी, म्हणजे फिलेसाठी). एकच घ्यायची तर पेटी घ्या, कारण आपल्या बाजारातला बराचसा मासा वीतभर-दीड वीतभर असतो. सान्तोकू ही दुसरी जपानी सुरी भाजीला उत्तम, पण तिचं टोक बोथट उतरतं आणि माशाच्या पोटात, कल्ल्यांत शिरायला टोक लागतं.

"फिले नाइफ" या नावानं मिळणाऱ्या दमास्कस सुऱ्यांबद्दल सावध राहा. फिले सुरी लवचीक हवी, म्हणजे ती काट्याच्या वळणाला वळते. इतका कठीण गाभा लवत नाही. तशा सुरीनं काम होतं, पण वळण हातानं द्यावं लागतं, आणि ते शिकायला काही मासे जातात.

जपानी मासेवाले डोकं उतरवायला देबा वापरतात. तिची पाठ चांगली जाड असते आणि धार एकाच बाजूनं काढलेली असते, त्यामुळे डावखुऱ्यांना ती वेगळी मागवावी लागते. तिच्यावर दमास्कसची नक्षी असली तरी काम जाडीच करते. देबानंसुद्धा हाड तोडायचं ते मुठीजवळच्या भागानं, टोकाकडच्या भागानं कधीच नाही.

या सुऱ्यांच्या जोडीला एक कोयता किंवा जुनी जाड सुरी, किचनची कात्री, काटे उपटायचा चिमटा आणि दोन सुती फडकी ठेवा. एक फडकं पात्यासाठी, दुसरं हातासाठी.

बाजारात काय सांगायचं

अर्धं काम कोळणीच्या विळीवरच उरकून घेतलं, तर तुमच्या सुरीचं आयुष्य वाढतं. खवले, कल्ले, पर आणि पोट ती दोन मिनिटांत साफ करते, आणि तिच्या हाताची सफाई घरी येणं कठीण आहे. मात्र नीट सांगा, नाहीतर सवयीनं तुकड्या पडतात: "मावशी, तुकड्या करू नका. खवले काढा, पोट साफ करा, डोकं राहू द्या. मासा अख्खा हवाय." डोकं ठेवायचं कारण, पट्टी काढताना मासा धरायला तीच जागा असते.

घरी येईपर्यंत मासा बर्फात असू द्या. थंड मांस घट्ट राहतं आणि सुरी त्यातून सरळ जाते. कोमट झालेलं मांस पात्याला चिकटतं आणि पापुद्रे सुटतात. कापण्याआधी अर्धा तास फ्रिजच्या सगळ्यात थंड कप्प्यात ठेवलेला मासा आणि पिशवीतून काढून लगेच ओट्यावर घेतलेला मासा, यांच्या पट्ट्या शेजारी ठेवून बघा. दुसरीची कड भुसभुशीत दिसेल. गोठवलेला मासा असेल तर फ्रिजमध्ये रात्रभर ठेवून पूर्ण सुटू द्या. आत बर्फाचा कण राहिला, तरी तो धारेच्या दृष्टीनं हाडच.

ओट्याची तयारी

लाकडाचा किंवा मऊ प्लॅस्टिकचा पाट घ्या, किमान ४० बाय २५ सेंटिमीटरचा. काच, संगमरवर, ग्रॅनाइट आणि स्टीलचं ताट यांवर ही सुरी चालवायची नाही. चार-पाच वेळा आपटली तरी धार जाते. पाटाखाली ओलं फडकं पसरा म्हणजे तो सरकणार नाही. मासा धुऊन आतूनबाहेरून कोरडा पुसा. निसटणारा मासा हेच बोट कापण्याचं मुख्य कारण आहे. शेपटी धरायला फडक्याचा तुकडा वापरा, किंवा बोटांना चिमूटभर जाडं मीठ लावा. नंतर हात धुऊनच मूठ धरा.

पकड अशी: अंगठा आणि तर्जनी मुठीच्या पुढे, पात्याच्या दोन्ही बाजूंना, उरलेली तीन बोटं मुठीवर. तर्जनी पाठीवर सरळ ताणून ठेवायची सवय अनेकांना असते. मोठ्या सुरीवर तिच्यामुळे दाब वाढतो आणि पातं हाडात रुततं.

खवले घरी काढणार असाल, तर ते दमास्कसच्या धारेनं नको आणि तिच्या पाठीनंही नको, पाठीवरची नक्षी ओरखडते. चमच्याची कड किंवा जुनी सुरी पुरते. शेपटीकडून डोक्याकडे, पाण्याखाली घासा म्हणजे खवले उडणार नाहीत. पर कात्रीनं कापा. शिंगाळ्याचे पाठीवरचे आणि दोन्ही बाजूंचे काटे विषारी असतात, ते आधी पकडीनं मोडून टाका. त्यांच्यावर धारही तुटते आणि हातही सुजतो.

पोट फाडताना टोक जेमतेम १ सेंटिमीटर आत घाला, धार बाहेरच्या बाजूला ठेवून गुदद्वारापासून कल्ल्यांकडे न्या. खोल गेलात तर पित्ताची हिरवट पिशवी फुटते आणि कडू डाग मांसात उतरतो. फुटलीच तर तेवढा भाग लगेच वाहत्या पाण्याखाली धरा आणि हिरवा झालेला पापुद्रा कापून टाका. मणक्याला चिकटलेली काळपट रक्ताची रेघ चमच्याच्या टोकानं किंवा जुन्या दातघासणीनं काढा. माशाचा उग्र वास बऱ्याचदा त्या रेघेचाच असतो.

रावसाची पट्टी

शिकायला दीड किलोच्या आसपासचा रावस चांगला. त्याचं मांस घट्ट असतं आणि काटा मोठा असल्यामुळे कुठे आहोत ते कळतं. २१० ची सुरी घ्या.

पहिली चीर डोक्यामागे. कल्ल्याच्या झाकणामागचा पर उचला आणि त्याच्या मागून, पात्याचं तोंड डोक्याकडे किंचित तिरकं करून, मणक्याला टेकेपर्यंत चीर द्या. मणका लागला की थांबा. इथे दाब देऊन डोकं तोडायचा मोह आवरायचा. ते काम शेवटी कोयत्यानं होतं.

दुसरी चीर पाठीवर. पाठीचा पर जिथे अंगाला मिळतो, त्याला अगदी लागून डोक्यापासून शेपटीपर्यंत एकाच ओढीत चीर द्या, खोली साधारण १ सेंटिमीटर. ही पहिली ओढ कातडी उघडण्यापुरतीच असते.

आता त्याच चिरेतून दुसरी, तिसरी ओढ घ्या. दर वेळी पातं काट्याकडे किंचित झुकवायचं आणि मुठीपासून टोकापर्यंत पूर्ण लांबी वापरायची. बारीक काट्यांवरून टोक जाताना कर्रकर्र असा हलका आवाज येतो. तो ऐकू येतोय तोवर तुम्ही योग्य जागी आहात. आवाज थांबला आणि सुरी अगदी सहज सरकायला लागली, तर पातं काट्यापासून दूर मांसात गेलंय, म्हणजे काट्यावर मांस राहणार. उलट सुरी अडली, तर धार काट्यात घुसली आहे. अशा वेळी पुढे ढकलू नका आणि पातं पिळूही नका. आल्या वाटेनं मागे घ्या, कोन थोडा सपाट करा आणि पुन्हा जा. टवके उडतात ते बहुतेक या पिळण्यानं. सरळ आघात पोलाद बऱ्यापैकी सोसतं, आडवा पीळ नाही.

मधला मणका लागला की डाव्या हातानं सुटलेलं मांस उचला, टोक मणक्याच्या उंचवट्यावरून पलीकडे न्या आणि फासळ्यांच्या वरून पोटाकडे उतरा. मोठ्या माशाच्या फासळ्या मणक्यापाशी जाड असतात, त्या कापू नका. पात्याची बाजू त्यांच्यावर सपाट ठेवून मांस सोडवा. शेपटीकडे मणका बारीक होतो, तिथे सुरी आरपार काढली की पट्टी सुटते. मासा उलटा करून दुसरी बाजू तशीच. ही थोडी अवघड जाते, कारण आता खाली मांसाचा आधार नसतो. पाटाच्या कडेला आणून मासा सपाट दाबून धरा.

काट्यांसह अख्ख्या माशातून पट्ट्यांचं वजन सहसा निम्म्याहून कमी भरतं. पहिल्या काही माशांत त्याहूनही कमी येईल. डोकं, काटा आणि त्याला चिकटलेलं मांस फेकू नका, त्याचं सार उत्तम होतं.

कातडी काढायची असेल तर पट्टी कातडी खाली करून ठेवा. शेपटीकडचं टोक फडक्यानं धरा, तिथे कातडीपर्यंत चीर द्या, पातं जवळजवळ आडवं करा आणि सुरी जागेवर ठेवून कातडी आपल्याकडे ओढा, डावीउजवीकडे हलवत. धार किंचित खाली, पाटाकडे झुकलेली असावी. कातडी फाटली तर कोन जास्त झाला. कातडीवर मांस राहिलं तर धार वर उठली.

शेवटी पट्टीवरून बोट उलटं फिरवा. टोचणारे काटे चिमट्यानं धरून, ज्या दिशेला ते झुकले आहेत त्याच दिशेला ओढा. सरळ वर उपटले तर मांस फाटतं.

पट्टीचे तुकडे करताना करवतीसारखं पुढेमागे करू नका. मुठीजवळची धार टेकवा आणि टोकापर्यंत एकदाच मागे ओढा. अशा कापाची कड गुळगुळीत राहते, तव्यावर तुकडा कमी फुटतो आणि रस आत राहतो. दमास्कस सुरीचे पैसे इथे वसूल होतात.

भरल्या पापलेटचे खिसे

पेटी सुरीसाठी याहून चांगलं काम नाही. ३५० ते ४०० ग्रॅमचं पापलेट घ्या. पोटाशी तीनेक सेंटिमीटरची चीर देऊन आतलं काढा आणि कल्ले बोटानं ओढून घ्या.

मासा आडवा ठेवा, पाठ तुमच्याकडे. डोक्याच्या मागे सुरुवात करून पराच्या मुळाला लागून अर्धा सेंटिमीटर खोल चीर न्या आणि शेपटीच्या दोन सेंटिमीटर आधी थांबा. आता पातं काट्यावर अगदी सपाट टेकवून दोन-तीन हलक्या ओढींत मधल्या मणक्यापर्यंत जा. तिथेच थांबायचं. मासा उलटवा आणि दुसऱ्या बाजूनं तसंच. काट्याच्या दोन अंगांना दोन खिसे तयार होतात. प्रत्येकात दोन मोठे चमचे हिरवी चटणी मावते. वरची कातडी फाटली, तर चटणी तव्यावर येऊन जळते. म्हणून टोक सतत काट्याला चिकटलेलं हवं, कातडीकडे वळलेलं नको.

सुरमईच्या तुकड्या

या बाबतीत स्पष्ट सांगायचं तर तुकड्या कोळणीकडूनच करून घ्या. दीड ते दोन सेंटिमीटर जाडीच्या सांगा. घरीच करायच्या असतील तर काम दोन हत्यारांत वाटा. दमास्कसनं वरून मणक्यापर्यंत कापा, मासा फिरवून खालून मणक्यापर्यंत कापा. मग त्याच चिरेत कोयता बसवा आणि कोयत्याच्या पाठीवर लाकडी बत्त्यानं किंवा लाटण्यानं एक ठोका द्या. मणक्याच्या दोन मण्यांमधल्या सांध्यावर कोयता बसला तर हलक्या ठोक्यातही काम होतं. मांसाचा काप सुरीचा असल्यामुळे तुकडी ठेचल्यासारखी होत नाही.

बाकीचे

बांगड्याला तळण्याआधी दोन्ही बाजूंना तीन-तीन तिरक्या चिरा, अर्धा सेंटिमीटर खोल. सुरीला नीट धार असेल तर कातडीवर ती नुसती ओढली तरी चीर पडते. दाबावं लागलं तर धार गेली आहे असं समजा. ओला बोंबील इतका मऊ की बोथट सुरीनं त्याचा लगदा होतो. पेटीनं पोटाकडून उभा उघडा, मधला काटा वर उचलून काढा आणि दोन पाटांमध्ये वजनाखाली ठेवून पाणी निथळू द्या. कोळंबी आधी हातानं सोला, मग पाठीवर दोन मिलिमीटर खोल चीर देऊन धागा काढा. माकुल उघडून आतला पारदर्शक कणा ओढून काढा आणि आतल्या बाजूनं आडव्या-उभ्या उथळ रेघा ओढा, म्हणजे शिजताना नीट वळतं. खेकडा, शेवंड आणि शिंपल्या यांच्या जवळपासही ही सुरी नेऊ नका.

हळद, मीठ, कोकम

कापणं आधी, लावणं नंतर. मीठ, लिंबू, चिंच किंवा आगळ लावलेला मासा कापला तर त्यातलं आम्ल आणि मीठ थेट पोलादावर बसतं. स्टेनलेस म्हणजे डाग धीम्यानं पडणारं, कधीच न पडणारं नव्हे. खारट ओल्या पात्यावर तासाभरात बारीक तपकिरी ठिपके येऊ शकतात, विशेषतः थरांच्या सीमेवर आणि मुठीच्या सांध्यात. कार्बन दमास्कसवर तर आम्लानं नक्षीचा रंगच बदलतो. काम चालू असताना दर मासा संपला की ओल्या फडक्यानं पातं पुसा, नेहमी पाठीकडून धारेकडे.

धुणं आणि ठेवणं

काम संपल्याबरोबर आधी साध्या पाण्याखाली धरा. सुरुवातीलाच गरम पाणी घातलं तर माशाचा चिकट रस पात्यावर शिजून बसतो आणि वासही राहतो. मग भांड्यांचा पातळ साबण आणि मऊ स्पंज. तारेची घासणी, राख, काथ्या, घासायची पावडर यांनी नक्षी पुसट होते. सिंकमध्ये भांड्यांच्या ढिगात टाकू नका आणि डिशवॉशरमध्येही घालू नका. लगेच कोरडी करा. मूठ आणि पातं जिथे जुळतं तिथे फडक्याचं टोक घालून पुसा.

रोज वापरात असेल तर स्टेनलेसला तेलाची गरज नाही. आठवडाभर राहणार असेल, किंवा कार्बनची असेल, तर खाण्यायोग्य मिनरल तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. खोबरेलही चालतं. शेंगदाणा आणि सूर्यफूल तेल टाळा, काही दिवसांत ती चिकट होऊन बसतात. चामड्याच्या म्यानात सुरी सोबत आली असेल, तर म्यान प्रवासापुरतंच ठेवा. चामडं ओल धरतं, आणि कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात म्यानातली सुरी आत गंजत राहते. लाकडी म्यान किंवा भिंतीवरची चुंबकाची पट्टी बरी; पट्टीवर लावताना आधी पाठ टेकवा, मग पातं सपाट करा.

धार

दारावर येणाऱ्या धारवाल्याच्या फिरत्या चाकावर ही सुरी देऊ नका. तो आपलं काम चोख करतो, पण ते चाक विळी-कोयत्यासाठी आहे. त्यावर पातळ धार क्षणात तापते आणि तिला दिलेलं पाणी, म्हणजे तिचा कठीणपणा, उतरतं. धारेवर निळसर छटा दिसली की तेवढा भाग मऊ झाला, तो पुन्हा धार धरत नाही. ओढून धार लावायची छोटी यंत्रं आणि खाचांची स्टीलची सळईही नको, दोन्हींनी टवके उडतात.

१००० नंबरचा एक आणि ३००० ते ६००० मधला एक असे दोन पाण्याचे दगड पुरतात. १००० चा दगड पाण्यात दहा-पंधरा मिनिटं, बुडबुडे थांबेपर्यंत भिजवा. बारीक दगड भिजवायचा की नुसता ओला करायचा ते त्याच्या पाकिटावर बघा. कोन दर बाजूला सुमारे १५ अंश. कोनमापक लागत नाही: पातं ४५ मिलिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून १२ मिलिमीटर वर धरा, ३० मिलिमीटर रुंद पेटीसाठी ८ मिलिमीटर. तेवढ्या उंचीची लाकडाची चीप कापून पहिल्या वेळी पाठीखाली धरून बघा, हाताला अंदाज येतो.

मुठीकडून टोकाकडे तीन-चार भागांत जा. प्रत्येक भागावर आठ-दहा वेळा घासा, दाब हलका. दुसऱ्या बाजूवर अंगठ्याला बारीक खरखरीत कड लागली की ती बाजू झाली. ही कड धारेच्या पूर्ण लांबीवर यायला हवी. मध्ये कुठे लागत नसेल तर तिथे अजून घासायचं आहे. मग बाजू बदला. दोन्ही झाल्या की बारीक दगडावर तेच, जवळजवळ बिनदाबाचं. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर किंवा पाटावर पसरलेल्या वर्तमानपत्रावर धार मागे ठेवून दहा-बारा वेळा ओढा, म्हणजे उरलेली कड निघून जाते. ती राहिली तर सुरी पहिल्या माशाला छान वाटते आणि दुसऱ्याला बोथट.

आठवड्यातून एकदा-दोनदा मासे होत असतील तर दर वेळी पट्ट्यावर ओढणं आणि दोन-तीन महिन्यांनी दगड, इतकं पुरतं.

टवका उडालाच तर तो किती खोल आहे ते उजेडात धरून बघा. अर्ध्या मिलिमीटरच्या आतला असेल तर ४०० च्या दगडावर पूर्ण धार सारखी घासत आणा. फक्त टवक्याच्या जागी घासलं तर तिथे खळगा पडतो आणि पाटावर धार टेकत नाही. त्याहून मोठा असेल तर पाण्याच्या दगडांवर हातानं काम करणाऱ्याकडेच द्या. तोवर ती सुरी माशाला लावू नका, कारण सैल झालेला पोलादाचा कण मांसात जाऊ शकतो. दगडामुळे धारेजवळची नक्षी थोडी पुसट होते, पण कापण्यात त्यानं काहीच फरक पडत नाही. पुन्हा उठावदार हवी असेल तर सुरी बनवणाऱ्याकडून आम्लाचं काम करून घ्या, घरी प्रयोग करू नका.